न्हाणीजवळचा कोपरा सारवू नका

वैनी,

मी पैनगंगेपलीकडं, निजामाविरुद्ध लढणाऱ्या आमच्या पोरांच्या कॅम्पात चाललोय. दादांना सांगू नका. निजामाच्या कचेरीत बसून त्यांना खोटं बोलता यायचं नाही. वाचून झालं की चिठ्ठी चुलीत घाला.

पण त्याआधी एक ऐका. पाडव्याला अंगण सारवाल, तेव्हा न्हाणीजवळचा विटा लावलेला कोपरा सोडा. तिथं किनवटच्या जंगलातून आणलेला भुईचाफा हाय. गेल्या साली सारवण तडकलं, तुम्हाला उंदराचं बीळ वाटलं आणि तुम्ही वरवंट्यानं ठेचलंत. ती कळी होती! मी खामखा आठ दिवस अबोला धरला, ते मनात ठेवू नका.

त्याची तऱ्हाच उलटी. आधी कोरड्या भुईतून नुसतं फूल येतं, पांढरं-जांभळं. पानाचा पत्ता नाही. चार बोटांच्या वर उठत नाही म्हणतात, मला काही पटत नाही. बोटं लावून बघा. गड्डा एकच पुरला होता; यंदा भुई किती जागी फुटते तेही बघा. अन् वास सकाळी जास्त येतो का सांजच्याला?

पाऊस लागला की पानं येतील, दीड वीत, पाठीमागून जांभळी. दिवाळीनंतर तीही वाळतील, कोपरा रिकामा दिसेल.

तोवर मी आलो नाही, तरी गड्डा मेला समजून तिथं दुसरं काही लावू नका.

मार्तंड