एका कार्डाचे दोन धनी

सोमवार, ३ मार्च

ऐन प्रश्नाला वायफाय गेलं!

समुपदेशक बाईंनी चष्मा वर सरकवला आणि लॅपटॉपच्या पडद्यावरून मला विचारलं, "तुम्हाला हे परत घरी यायला हवे आहेत का?" मी म्हटलं, "हो." चांगलं घसा खाकरून म्हटलं. मग बघते तर बाईंचं तोंड उघडं ते उघडंच. माझा "हो" ऐकला तो फक्त समोरच्या कपाटाने.

वायफाय परत येईपर्यंत बाईंनी लिहूनही टाकलं होतं — पत्नीने उत्तर दिले नाही. नवरा आपल्या चौकटीत हाताची घडी घालून बसलेला. म्हणाला, "नेट गेलं म्हणे! अडचणीचं काही विचारलं की हिचं असंच." आता शुक्रवारी शेवटची बैठक. त्यानंतर बाई आपलं मत कळवणार — नांदा, नाहीतर वेगळे व्हा.

मंगळवार, ४ मार्च

राउटर धडधाकट आहे. फोनवर वायफाय उत्तम चालतं, म्हणजे दुखणं लॅपटॉपचंच. फोनवरूनच बैठक केली असती, पण त्याचा कॅमेरा फुटलाय आणि बाई चेहरा दिसल्याशिवाय बैठक धरत नाहीत.

बहीण म्हणाली, "ताई, केबल लाव की!" लॅपटॉप इतका सडपातळ की केबलला भोकच नाही. नवऱ्याची निवड.

दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने तो उलटा केला, सुलटा केला, एक फुंकर मारली. "मॅडम, नवीन घ्या." हे सांगायला दुकान कशाला थाटावं लागतं?

संध्याकाळी पुन्हा बहीण — "अगं, भावोजींनाच विचार ना! त्यांनीच बसवलंय सगळं."

त्याला परत बोलवायला मी तयार आहे. वायफायसाठी विचारायला तयार नाही.

बुधवार, ५ मार्च

वायफायची दिवसभर रुसलेल्या जावयाची तऱ्हा. येतं, पण टेकत नाही.

गुरुवार, ६ मार्च

सापडलं!

सकाळपासून फोनवर जगभरच्या लोकांची रडगाणी वाचत होते. आपल्यासारखे पुष्कळ आहेत हे पाहून बरं वाटलं. तर झालंय असं — लॅपटॉपमधल्या प्रत्येक वस्तूशी बोलायला ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात एकेक मॉड्यूल असतं. दुभाषी म्हणायचं. माझ्या वायफाय कार्डाला हा दुभाषी मुळात नव्हताच. नवऱ्याने कुठूनसा पैदा करून हाताने बसवला होता. आणि मला बजावलं होतं, "अपडेटचं बटण दाबायचं नाही. मी बघतो काय ते."

इतकी वर्षं दाबलं नाही. तो बॅग घेऊन गेला त्या संध्याकाळी पहिलं काम केलं ते हेच. दाबलं! काय गार वाटलं होतं तेव्हा.

त्या अपडेटबरोबर सिस्टीमचं स्वतःचं नवं मॉड्यूल आलं. जुनंही ठाण मांडून बसलेलं. आता दोघं एकाच कार्डावर हक्क सांगतात. हे म्हणतं माझं, ते म्हणतं माझं, आणि या ओढाताणीत कार्ड मान टाकतं. एकाला काढल्याशिवाय गत्यंतर नाही, असं सगळे जाणकार म्हणतात.

मी आधी नव्याला काढलं. अर्थात! नवऱ्याचं जुनं ठेवलं. पण बदललेल्या गाभ्याशी त्याचं काही केल्या जमेना. वायफाय होतं तेही दिसेनासं झालं. मग थोडी रडले. वायफायसाठी नव्हे, उगीच कशाला खोटं लिहा.

जेवून पुन्हा बसले. नव्याला परत आणलं. जुन्याचं नाव काळ्या यादीत टाकायचं, म्हणजे सिस्टीम त्याला उठवतच नाही. टाकलं. पासवर्ड तेवढा दोनदा चुकला.

लॅपटॉप बंद करून चालू केला आणि आईला व्हिडिओ लावला. तासभर बोललो, त्यातला बराच वेळ भांडलो, एकदाही तुटलं नाही. आई म्हणाली, "आज तुझं तोंड आवाजाबरोबर हलतंय बाई!" मग म्हणाली, "उद्या नीट बोल हो. हवाय तर हवाय म्हणायचं, मुळूमुळू रडायचं नाही."

म्हटलं, आई, मी मागेही तेच म्हटलं होतं. कपाटाला विचार.

शुक्रवार, ७ मार्च

वायफाय खणखणीत. बाईंनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. मी म्हटलं, "हो. हवाय." सगळ्यांना ऐकू गेलं. बाईंनी लिहून घेतलं, हसल्यासुद्धा. मग त्याच्याकडे वळल्या — "आणि तुम्हाला? जायचंय परत?"

त्याचं चित्र थांबलं. ओठ मिटलेले, पापणीसुद्धा हलेना.

"अहो? ऐकू येतंय का?" बाई म्हणाल्या. "यांचंही नेट गेलं वाटतं."

त्याच्या पाठीमागे पंखा मात्र फिरत होता.