आदेशचा दाखला

जोहे

प्रिय काळुराम,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, शिफ्ट आहे म्हणून ठेवतोस. म्हणून पत्र. चौथीपर्यंतचं अक्षर हाय, हसू नको. रोह्याच्या खोलीत एकटाच असतोस, सावकाश वाच.

आधी गोड बातमी, फोनवर अर्धीच राहिलेली. आपला आदेश सोमवारपासून स्कॉलरशिपच्या तासाला बसतो! पहिल्याच दिवशी घरी येऊन भाकरीचे तुकडे करून मला, आजीला, अपूर्णांक शिकवले. डोक्यात काय शिरलं नाय, पण तुकडे चारही मीच खाल्ले.

कसा बसला ते ऐक. तासाची वेळ झाली की सर साहेबलोकांची पोरं पुढं घेतात आणि आपल्या गणपतीच्या कारखान्यांत राबणाऱ्यांच्या पोरांना बाकं उचलायला लावतात. का, तर तुमची अंगं कष्टाची! आदेश म्हणाला, मलापण बसू द्या, आणि म्हणता म्हणता त्याला रडू आलं. तर सर वर्गासमोर म्हणाले, जा, बांगड्या भर. माझं डोकंच फिरलं. मूर्ती घासत होते, तशीच उठले. केसांत पांढरी भुकटी, शिपाई भूत बघितल्यासारखा बाजूला झाला. सरांच्या टेबलावर पितळी बांगड्यांचे दोन्ही हात आपटले. म्हटलं, मोजा बांगड्या! ह्याच हातांनी घासलेला गणपती तुमच्या मखरात बसतो, तेव्हा नाय वाटत लाज? बाकं उचलायची तर साहेबाच्या पोरानंही उचलायची. मोठ्या बाईंनी तिथल्या तिथं आदेशचं नाव लिहिलं.

हे तुला फोनवर हौसेनं सांगायला घेतलं, आदेशला रडू आलं इथवर आले, तर तू काय बोललास? रडका पोरगा शिकून काय दिवे लावणार, शनिवारी येऊन दाखला काढतो, कंपनीत हेल्पर लावतो. अरे, सर तरी परका माणूस. तू बाप ना त्याचा?

चार दिवस नुसती धुमसतेय. आणि काळू, खरं सांगू? तुझा दाखला सातवीत मीच काढला होता. तू शाळेचं फाटक धरून रडत होतास, आणि मीच तुझा हात ओढून म्हटलं होतं, बायकांसारखा रडतोस काय. त्यानंतर तू रडलाच नाहीस. बाबा गेले तेव्हाही नाय. शनिवारी ये, पण दाखल्याला नको. स्कॉलरशिपच्या फॉर्मवर बापाची सही मागतात, ती कर. मी फाटकापाशी उभी असेन. रडू आलं तर रड. या वेळी हात ओढणार नाय.

तुझीच,
आय