कुमैत घोड्याची अट

मी उसुखबायर, लुव्सानचा धाकटा मुलगा, वय सव्वीस, शिक्षण पाचवी, मूळ मंगोलियातल्या अर्खांगाईचा, सध्या कोरियात आन्सानला ओतकामाच्या कारखान्यात. हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. डोकं ठिकाणावर आहे. यकृत नाही, त्यातली गाठ उद्या सकाळी कापणार आहेत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही, नर्सबाईंनी फक्त जेवण बंद केलंय.

हा कागद मी जिवंत असेपर्यंत आईला दाखवू नये. मरणाचं नाव काढलं म्हणून ती तीनदा थुंकेल आणि वर मलाच रागावेल.

एक. आमच्यात चूल आणि नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं घर शेंडेफळाकडे जातं, म्हणजे माझ्याकडे. पण मी सतराव्या वर्षी पळालो. आधी कोळशाच्या खाणीत ट्रक, मग इथे. चूल पेटती ठेवली ती थोरल्या दावाजावदादाने. म्हणून ती त्याची. याला अट नाही.

दोन. बँकेत जे असेल ते आईचं. तिने आधी दात बसवावेत, मग देवळाला द्यावं. उलटा क्रम चालणार नाही.

तीन. माझे चामडी हातमोजे आणि एप्रन भट्टीवरच्या सोबत्याला, न्यामदोर्जला. त्याने माझे उंटाच्या लोकरीचे मोजे चोरले होते, ते माफ. पायात अजून तेच आहेत.

चार. गाठ डॉक्टर सोंगबाईंच्या प्रयोगशाळेला, पूर्ण. त्यांचे माझ्यावर उपकार आहेत आणि माझी त्यांच्यापुढे फजितीही झालेली आहे. सुईने काढलेल्या तुकड्यात कसलीशी प्रथिनं फार निघाली. दुभाषी सारंतुयाताईंनी सांगितलं, उष्णतेच्या धक्क्याची प्रथिनं. उष्णता म्हटल्यावर मला सगळं कळलं. आमचे वैद्य यकृताचं दुखणं गरमच मानतात, आणि मी तर भट्टीपुढे उभा राहणारा. मी भट्टी सोडली, मासळीच्या शीतगृहात लागलो, मटण बंद केलं. तीन आठवड्यांनी शिंकत तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरबाई हसून खुर्चीवर बसल्या.

मग त्यांनी नीट समजावलं. पेशीवर ताण आला, मग तो उष्णतेचा असो की विषाचा, की ही प्रथिनं धावतात आणि आत जे वाकलंय ते सरळ करतात. “कामसू आहेत बिचारी,” बाई म्हणाल्या, “पण तुझ्या गाठीने त्यांना आपल्याच चाकरीला ठेवलंय. तू बर्फात उभा राहिलास म्हणून ती नोकरी सोडणार नाहीत.” मी भट्टीवर परत गेलो. ही प्रथिनं जास्त असली की गाठ परत येण्याची भीती जास्त, म्हणून कापल्यावरही वरचेवर तपासणी. त्यांची चाकरी तोडणारं औषध शोधतायत, अजून हाती लागलेलं नाही. माझ्या गाठीचा उपयोग होत असेल तर तो करून शोधावं.

पाच. माझा कुमैत, म्हणजे काळ्या आयाळीचा तांबडा घोडा. हे कलम मुख्य.

माझ्या गाठीचं मूळ काविळीच्या विषाणूत आहे. तो लहानपणापासून रक्तात होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासा, वेळेत कळलं तर गोळ्या आहेत. आईने तपासून घेतलं. दादा ऐकत नाही. म्हणतो, लांडगा दिसला नाही म्हणजे दरीत लांडगा नाही. मी म्हटलं, दादा, मेंढ्या कमी होतायत की. त्याने फोन ठेवला.

तर घोडा माझा असला तरी शर्यतीला तयार केला दादाने, आणि त्याच्यावर त्याचा जीव आहे. दादाने रक्त आणि सोनोग्राफी दोन्ही केली तर घोडा दादाचा. नाही केली तर नदीपलीकडच्या गोम्बोचा, जो सात वर्षं शर्यतीत दादापुढे धूळ उडवतोय.

हे मी आज दुपारी दादाला फोनवर वाचून दाखवलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, “हे तू मेल्यावरचं ना? जगलास तर मला सुई टोचायला नको.”

म्हणून दुरुस्ती. मी मरो की जगो, जुलैतल्या नादाम सणाच्या शर्यतींआधी तपासणी झाली नाही तर घोडा गोम्बोकडे जाईल. मी जगलो तर स्वतः नेऊन देईन.

“हे मृत्युपत्र आहे की लगाम?” दादाने विचारलं. मी म्हटलं, तू चावतोस म्हणून लगाम.

सहा. हे कलम दादाने सांगितलं तसं लिहितो. तो गुरुवारी तालुक्याच्या दवाखान्यात जाईल. “पण उद्या तू उठायचंस. नाही उठलास तर मला घोडा नको, गोम्बोलाही देणार नाही, माळावर सोडून देईन.” सारंतुयाताई म्हणतात, पाच आणि सहा एकमेकांशी भांडतात, कायद्यात बसणार नाहीत. मी म्हटलं, भांडू देत, भाऊच आहेत.

साक्षीदार:
न्यामदोर्ज, सहकामगार. (सही)
सारंतुया, दुभाषी. (सही)
दावाजाव, थोरला भाऊ. फोनवरून ऐकलं. सही गुरुवारनंतर, रिपोर्टसोबत.

उसुखबायर (सही)
आन्सान, १४ मे २०२४