मानेचा कोन

३ सप्टेंबर
विद्यापीठाच्या वसतिगृहात खोली मिळाली. चौथा मजला, मोठी खिडकी. टेबलाचा एक पाय आखूड, त्याखाली कुणीतरी जुन्या वेळापत्रकाची घडी सारलेली. मला आवडली खोली. उद्यापासून काम: विद्यापीठातल्या मुलांच्या मानेचा कोन मोजायचा. मानेच्या मुळाशी एक टिकली चिकटवायची, कानाजवळ दुसरी, मग बाजूने फोटो. ज्यांच्या संशोधनासाठी हे काम, त्या मॅडम म्हणाल्या, फोनमध्ये वाकलेलं डोकं मानेला पोत्याएवढं जड होतं. हमालसुद्धा मजुरी मागतो, ही मुलं फुकट वाहतात. खूप दिवसांनी मोकळी हसले.

६ सप्टेंबर
बावीस माना झाल्या. सगळे सभ्य, सांगितलं तसे बसतात. फोनवरून नजर मात्र कुणी काढत नाही. मी त्यांना भांगांवरून ओळखू लागले आहे. आईने फोनवर विचारलं, मैत्रिणी झाल्या का. म्हटलं, आजूबाजूला पुष्कळ जणी आहेत.

९ सप्टेंबर
आज सगळ्यांचे फोन ट्रेमध्ये काढून ठेवायला लावले. मॅडमच्या मते दहा मिनिटांत माना वर यायला हव्या होत्या. चाळीस मिनिटं थांबले. एकही आली नाही. सगळे रिकाम्या तळहातात बघत होते. अंगठे चालूच. एक जण गालातल्या गालात हसला.

१० सप्टेंबर
दोन वेण्यांच्या मुलीला विचारलं, दुखत नाही का. खूप दुखतं, म्हणाली. आसवं तळहातावर पडत होती. मग मान वर कर ना, म्हटलं.

"वर कोण आहे, ताई?"

मी आहे, हे म्हणायचं राहून गेलं.

११ सप्टेंबर
मॅडमना सांगायला गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. होईल सवय, म्हणाल्या. त्यांचा फोन पलीकडे खिडकीत चार्जिंगला लावलेला. आणि त्यांची मान—

१३ सप्टेंबर
जेवणाच्या खोलीत खुर्चीवर चढून स्वतःचं नाव ओरडले. दोनदा. चमचे वाजत राहिले.

१४ सप्टेंबर
डावा तळहात कोमट लागतोय. मधोमध उजेड, नखाएवढा. मूठ मिटली. मग उघडली. आईचे सात फोन येऊन गेले, मी—

१६ सप्टेंबर
मानेत सुरी फिरतेय. वर होत नाही. होत असेल. करून पाहिली नाही.

१७ सप्टेंबर
आई आलीय. फोन उचलला नाही म्हणून पहिल्या गाडीने. दार वाजवतेय, माझं नाव घेतेय. रडतेय बहुतेक. कडी चार पावलांवर. उठायला हवं—

हातात तीन ठिपके हलताहेत. कुणीतरी मला लिहितंय.

थांब आई, एवढं वाचते आणि