काटा लाल पट्टीत

सोमवार, नांदेड. संध्याकाळ.

जुन्या गाडीत पलंग, शेगडी बसवून आम्ही फिरतं घर केलंय. आज किनवटच्या घाटात, उतारावर, खालच्या गिअरमध्येच ह्यांनी वेग वाढवला नि इंजिन किंचाळायला लागलं. इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा काटा पार टोकाला गेला. "काटा लाल पट्टीत!" मी ओरडले. हे म्हणाले, "काटा बिघडलाय गं." तेवढ्यात धाडकन आवाज झाला, इंजिन बंद. गाडी दरडीला घासून थांबली, म्हणून वाचलो.

गाडी ओढून इथं आणली. आमचे मिस्त्री सलीमभाई म्हणाले, "काटा बराबर हाय, भाभी. जुनं इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या वर पळवू नका, साहेबांना मागंच सांगितलं होतं."

मागंच? म्हणजे ह्यांना माहीत होतं?

हे खाली बघत म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू आलीच नसतीस."

आले असते. हळू चालवा, एवढंच म्हणाले असते.