चौकड्यांच्या शर्टातला माणूस

मरोळ, अंधेरी
१२ फेब्रुवारी १९८४

ती. आईस सुगंधाचा नमस्कार.

मी बरी आहे, हे आधी वाच आणि मग पुढचं. मावशीकडे जेवणखाण व्यवस्थित आहे. कारखान्यात बसून काम असतं.

गेल्या सोमवारी कारखाना सुटल्यावर बसस्टॉपवर चौकड्यांच्या शर्टातला एक माणूस दिसला. मंगळवारी तोच माझ्यामागून बसमधून उतरला. मी औषधाच्या दुकानापाशी थांबले, तर तोही थांबला. घरी गेले असते तर त्याला घर कळलं असतं. म्हणून सरळ मासळीबाजारात शिरले. तिथली हिराबाई कोळीण मावशीच्या ओळखीची आहे.

"हिराबाई, तो माणूस माझ्या मागे लागलाय."

"बस इथं पोरी," ती म्हणाली आणि कोयता हातात तसाच धरून उठली. "काय रे, काय पायजे तुला?"

सगळा बाजार वळून बघायला लागला. तो भराभर निघून गेला. हिराबाईने मला दारापर्यंत सोडलं.

त्यानंतर तो दिसला नाही. पण आई, मन थाऱ्यावर नाही. परवा जिन्यात मागे पावलं वाजली आणि मी किंचाळलेच. शेजारचे अनंतकाका होते, भाजीची पिशवी घेऊन. बिचारे तेच माझी माफी मागत राहिले.

बाबांचा खोकला कसा आहे? त्यांना हे वाचून दाखवू नकोस, परत बोलावतील. मला नाही यायचं. आता रांगेत उभी राहिले की आधी सगळ्यांचे चेहरे बघून घेते. बहुतेक माणसं भलीच असतील, तरी बघते.

तुझी,
सुगंधा