स्टिअरिंगवरचा लाल टॅग

अहो,

आज तुमच्या लाडकीचा इंडिकेटर सुरू झाला, म्हणून लिहायला बसले. लाडकी म्हणजे मी नव्हे, अंगणातली ती जुनी गाडी!

नवा स्विच आणून ठेवलात, स्टिअरिंगला आपल्या नावाचा लाल टॅग अडकवलात आणि दुसऱ्याच दिवशी गेलात. दुरुस्ती चालू असली की मशीनवर टॅग लावायचा, ही प्लांटमधली सवय घरीसुद्धा!

रविवारचा चहा तुम्ही तिच्याजवळ प्यायचात. मी जवळ आले की, "हात नको लावू, शॉक लागन!" बॅटरीची तार तर आधीच काढलेली असायची. मग शॉक कुठून लागणार होता हो?

तुमच्या प्लांटमधले मेश्रामभाऊजी स्विच बसवून द्यायला आले. टॅगवर तुमचं नाव वाचलं आणि मागे सरकले.

"वहिनी, ज्याचा टॅग त्यानंच काढाचा. मी नाही हात लावत."

"मंग ते येऊन रायले का काढाले?" मी बोलून गेले.

भाऊजींनी हातातला पाना माझ्यापुढे धरला. "तो माणूस नसला तर इंचार्ज काढते. आता इंचार्ज तुमीच."

खरं सांगू? मला तिचा इतका हेवा वाटला! तुम्ही परत येणार असल्यासारखं इतके महिने तिला कुणी बोट लावलं नाही. आणि मला? तेराव्यालाच तुमच्या बहिणीनं सांगितलं, आता सावर. मलाही एक टॅग लावून जायचं होतंत ना!

काढला मी तो. भाऊजी बाहेरून सांगत होते, मी करत होते. हॉर्नचं झाकण, मधला नट, मग स्टिअरिंग. परत वाकडं बसू नये म्हणून नेलपॉलिशनं खूण केली. तुमचे हात असायचे तिथे ते गुळगुळीत झालंय. माझा हात इतका वेळ कधी धरलात?

जुना स्विच काढून नवा बसवला, बॅटरीची तार जोडली, दांडी खाली केली. डावा दिवा टिकटिक करायला लागला आणि मला रडूच आलं. भाऊजी म्हणाले, "सावरा, वहिनी." तेही!

तिला विकणार नाही. सोमवारपासून नेहरू नगरात गाडी शिकायला जाते. मग एकटीच काढीन आणि काचा वर करून मनसोक्त रडीन. तिथे मला कुणी सावर म्हणणार नाही. वळायच्या आधी इंडिकेटर मात्र देईन, शब्द देते.

तुमचीच, आणि आता तिचीही मालकीण,
कुसुम